डोळे मिटले की पडते

३ मार्च
सेफिना, मी तुझी थोरली बहीण. आठवते ना? चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतेस, म्हणून विचारलं. मला कुठे लिहिता येतं! रोजचं या फोनला सांगेन, तो लिहून तुला आपल्या बेटावर, अपियाला पाठवील. ब्रिस्बेनला सुखरूप पोचले. माझ्या लेकाने, एतीने खोली छान दिलीय, माझ्या नातीच्या शेजारची. लुपे म्हणाली, आजी, घोरलीस तर परत विमानात बसवीन.

९ मार्च
लुपेच्या पलंगाखाली बोटाएवढी पोलादी नळकांडी, ढीगभर. सोबत फुगे. केकचं क्रीम फुगवायला असतात, म्हणते. मी म्हटलं, मग केक कुणी खाल्ला? हसून हसून लोळली.

२० मार्च
पाहुण्यांपुढून आपल्या रीतीप्रमाणे वाकून जाताना लुपे कोलमडली. उद्या नवऱ्या मुलापुढे असं लोळू नकोस, म्हणून मी चिडवलं. पायांना मुंग्या येतात म्हणे.

५ एप्रिल
चर्चमध्ये सगळे डोळे मिटून उभे. लुपे धाडकन पडली. डोळे उघडे होते तोवर धड होती. पाद्री म्हणाले, हिला बाहेरचं लागलंय. मलाही तेच वाटलं.

११ एप्रिल
रोज संध्याकाळी प्रार्थना. धरून उभी करतो. डोळे मिटले की पडते. एती डॉक्टरकडे नेऊ म्हणाला. मी म्हटलं, आधी भूत उतरू दे.

१५ एप्रिल
मी तिचे पाय शेकत होते. गरम पाण्याची पिशवी गळत होती, मला दिसलंच नाही. कातडीवर फोड आले— आणि ती माझ्याशी गप्पा मारत हसत होती. तिला कळलंच नाही, सेफिना—

१६ एप्रिल
दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी पहिलं हेच विचारलं, फुग्यातून गॅस ओढतेस? पोर रडली. पलंगाखालच्या नळकांड्यांतला तो गॅस, नशेसाठी. त्या गॅसने अंगातलं ब-१२ जीवनसत्त्व निकामी होतं, कण्यातल्या नसा झिजतात. पाय कुठे पडतोय ते ती डोळ्यांनी बघून चालत होती. डोळे मिटले की— भूत नव्हतंच.

२४ एप्रिल
इंजेक्शनं चालू. थोडं सुधारेल, सगळं नाही कदाचित. लवकर आणायला हवं होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आम्ही प्रार्थना करत—

२ मे
कपाटात मोठं नळकांडं. नवं. हिला तर चालता येत नाही— घरपोच आणून देतात म्हणे. मी ओरडले नाही. तीच म्हणाली, आजी, सुटत नाही गं—

४ मे
कोको पाठव. घरचा, भाजलेला. तांदूळ घालून आपल्याकडची खीर घट्ट शिजवीन. चमच्याने मीच भरवीन, तिच्या हातांनाही आता मुंग्या—