अण्णांची खुर्ची आणि माझी तीन कोटेशनं

ती. आत्या,

कागदावरूनच साष्टांग नमस्कार. (खरा घातला तर परत उठताना धरायला आमच्या घरात भक्कम असं काही नाही, आणि या पत्राचा विषयही तोच आहे.) तुझी कंबर कशी आहे? मोतीबिंदू काढल्यापासून शेजारणीच्या घरातलं सगळं स्वच्छ दिसत असेल, तेही सविस्तर कळव. फोनच केला असता, पण तुझा आवाज ऐकू आला की अण्णा शेजारी येऊन उभे राहतात. उभेच! त्या गुडघ्यांमुळे आमच्या बुटक्या सोफ्यात किंवा टेबलाच्या बिनहाताच्या डुगडुगत्या खुर्चीत एकदा बसले की दोघांनी ओढल्याशिवाय त्यांना उठता येत नाही, आणि कुणी आपल्याला ओढावं हे त्यांना चालणार आहे का? तुझाच भाऊ तो! गेले पाच महिने ते ओट्याशी उभं राहून जेवतात आणि वर आम्हालाच सांगतात, उभ्यानं पचतं बरं. त्यांना पचतं, पण आम्हा टेबलाशी बसलेल्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून यंदा नवं फर्निचर घ्यायचंच असं ठरलं.

आता मी बावीस वर्षं ऑफिसात खरेदी खात्यात. तीन कोटेशनं मागवायची, सगळ्यात कमीवर सही करायची आणि वर शेरा मारायचा, यात माझा हात कुणी धरणार नाही. त्याच हिशेबानं मी तीन दुकानं हिंडलो आणि ठरवलेल्या पैशांत सोफा, टेबल, सहा खुर्च्या, वर एक काचेची शोकेस असं सगळं बसवून आणलं. (शोकेसमध्ये ठेवायला आपल्याकडे काय आहे, असं तुझ्या भाचेसुनेनं विचारलं. तो मुद्दा मी पुढे ढकलला.) मग तिला दाखवायला घेऊन गेलो. तिनं पर्स माझ्या हातात दिली, भर दुकानात खुर्ची उलटी केली, खालून नखानं खरवडली आणि म्हणाली, "भुसा आहे." एवढंच, पण असं काही म्हणाली की शेजारी सोफा बघत असलेलं एक जोडपं दबकत आलं आणि आमचाही जरा बघता का म्हणालं. त्यांच्यामागे आणखी एक कुटुंब लागलं. अर्ध्या तासात दुकानातलं निम्मं सामान पालथं पडलं होतं, बाई वाकून वाकून निकाल देत होत्या, आणि मी पर्स धरून सगळ्यांना सांगत होतो की ही आमची मंडळी! शेवटी मालकानं आम्हाला थंड पाजलं आणि स्वतः दारापर्यंत सोडायला आला. घरी येताना ती मला एवढंच म्हणाली की ऑफिसातल्या खुर्च्या तुम्हीच घेतल्यात ना, मग रोज डब्याबरोबर उशी कशाला नेता? ती उशी मी कागदात गुंडाळून नेत असे.

मग तिनं एक सुतार शोधून काढला. आत्या, या माणसाबद्दल किती सांगू! त्याची पद्धत अशी की घरची माणसं बसतात कशी, हे जेवणाच्या वेळी येऊन पाहिल्याशिवाय तो लाकडालाही हात लावत नाही आणि दरही सांगत नाही. आता बसलेलं बघायला पाहुणा येणार म्हटल्यावर आम्ही जी माती खाल्ली ती आमची आम्हालाच माहीत. मी इस्त्रीचा शर्ट घातला. एरवी एक पाय वर घेऊन जेवणारी पोरं ग्रुप फोटोला बसल्यासारखी ताठ. आणि अण्णा? आपल्या गुडघ्यांची चर्चा परक्यापुढे नको, म्हणून ते चक्क सोफ्यात जाऊन बसले! झालं, आता उठणार कसे? जेवणं आटोपली, मिस्त्री काही हलेना. त्यानं चहा मागितला, मग आणखी अर्धा कप. अण्णा हवापाण्यावर बोलतायत, कपाळावर घाम, आणि आम्ही तिघं-चौघं जागच्या जागी कासावीस. शेवटी मिस्त्री उठला, खिशातून दोरी काढत अण्णांजवळ गेला आणि आपला हात आडवा धरून म्हणाला, "काका, उभ्यानं माप घ्यायचंय, जरा या बरं." अण्णा त्या हाताला धरून उठले. त्यांना कुणी उठवलंच नव्हतं, मापासाठी बोलावलं होतं ना! मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

मग जिन्यात त्यानं मला हळूच सांगितलं. मी ठरवलेल्या पैशांत सगळं घर भरेल, पण दोन वर्षांत कुरकुरेल. नाहीतर एकच खुर्ची होईल, अस्सल सागाची, उंच बैठकीची, हातावर पूर्ण भार घेणारी. जिथे अंग टेकतं तिथे पैसा घाला साहेब, जिथे नजर टेकते तिथे हात आखडता घ्या, असं म्हणाला. मी हिला विचारायला वळलो, तर ती मागेच उभी होती आणि तिनं केव्हाच मान डोलावली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी सगळ्यात जास्त कोटेशनवर सही केली, तीही शेरा न मारता.

खुर्ची आली. काय खुर्ची आहे! हातांवरून हात फिरवला तर काढवत नाही. पण अण्णांनी किंमत विचारली आणि मी, खरेदी खात्याचा गाढव, अभिमानानं खरी सांगितली. त्यांनी खुर्चीवरचा हात काढून घेतला. मग आत जाऊन चादर आणली, खुर्चीवर घातली आणि म्हणाले, पाहुण्यांना राहू दे. आज नववा दिवस. ते अजून ओट्याशीच जेवतात आणि येताजाता चादरीची सुरकुती तेवढी नीट करतात.

बाकी सर्व ठीक.

तुझा भाचा

ता. क. खरं कारण आता लिहितो. अण्णांना "बस खाली" म्हणून दटावू शकेल असं या जगात आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तेवढ्या दोन शब्दांसाठी तू ये. न्यायला मी येतो.

ता. क. दुसरी. पाकीट चिकटवायच्या आत अण्णांना सांगितलं की आत्याला बोलावलंय, ती बसेल या खुर्चीत. चादर बाजूला! अक्काच्या (म्हणजे तुझ्या) कमरेला ही पाठ टोचेल का ते बघायला हवं, म्हणून बसले. तपासणी चालू असताना चहा झाला, मग जेवणही तिथेच झालं, पाच महिन्यांनी आमच्या सगळ्यांबरोबर, टेबलाशी. हिला वाढता वाढता दिसेना, डोळे भरले होते. मग हातांवर भार देऊन ते उठलेही आपले आपण, आणि म्हणाले, आज नीट अंदाज आला नाही, उद्या परत बसून बघावं लागेल. तेव्हा आत्या, वरची ता. क. रद्द. तू इतक्यात मुळीच येऊ नकोस. दर आठवड्याला "निघतेच आहे" असं एक कार्ड मात्र न चुकता अण्णांच्या नावानं टाकत जा.