दोघी वेंडरबी

पूल बंदर, डोर्सेट
मार्चचा पहिला आठवडा

प्रिय लेटी,

तू पाठवलेले तितर पोचले. हम्फ्रीने मिटक्या मारत खाल्ले आणि दर घासाला तुझ्या नवऱ्याचं कौतुक केलं. चुलतभावाबद्दल मनात अढी ठेवणं त्याला जमतच नाही. बंदरावर दिवसभर जकात गोळा करायची, घरी येऊन बूट शेकोटीशी ठेवायचे की स्वारी खूश! आजोबा एकच, आडनाव एकच. पण तुझा वेंडरबी थोरल्या घरातला म्हणून लॉर्ड, माझा धाकट्या घरातला म्हणून जकात अधिकारी. त्याला याचं काहीच वाटत नाही. मला मात्र वाटतं.

परवा कोळिणीकडे निरोप पाठवला, तर तिने झकास मासा काढून ठेवला. मी स्वतः गेले तेव्हा म्हणाली, "अगंबाई, तुम्ही त्या वेंडरबी होय! मला वाटलं लेडीबाईंकडचं माणूस आलं होतं. थांबा, तुमच्यासाठी दुसरा बघते." तो दुसरा मी मुकाट्याने घरी आणला. तुला हसू येईल. खुशाल हस.

पपांच्या वाढदिवसाची मेजवानी मात्र मी विसरत नाही. लहानपणी तू माझ्या मागून चालायचीस, कारण मी थोरली. त्या दिवशी जेवायच्या दालनाच्या दाराशी पपाच म्हणाले, "लेडी वेंडरबी आधी." तू थबकलीस, माझा हात धरलास आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "सुझी, तू हो ना पुढे." लेटी, तू मिरवत गेली असतीस तर मला परवडलं असतं. त्या तुझ्या चांगुलपणानेच माझा जळफळाट झाला. शेवटी तूच आधी गेलीस, आणि ते सूप माझ्या घशाखाली उतरलं नाही.

इतकी वर्षं मला एकच समाधान होतं. तुझी कूस रिकामी होती, आणि तुम्हाला मुलगा नसेल तर तुझ्या नवऱ्यामागे तो वाडा, ती शेतं, ती पदवी आधी हम्फ्रीकडे आणि मग माझ्या जाइल्सकडे येणार होती. पाद्रीबाबा त्याला "काय छोटे लॉर्ड, अभ्यास झाला का?" असं चिडवायचे. मी वरवर रागवायचे, पण मनात गुदगुल्या व्हायच्या. तोच जाइल्स काल म्हणाला, "आई, लेटीमावशीला मुलगा झाला तर मी बाबांसारखं बंदरावर काम करीन. मला जहाजं आवडतात." त्याला जवळ घ्यायचं सोडून मी त्याच्यावर खेकसले.

आता तुझे दिवस भरत आलेत. तू लिहितेस, "आई माझ्या वेळी गेली, म्हणून मला फार भीती वाटते. तूच ये, सुझी. दुसरं कुणी नको." ते वाचून चार दिवस मी उत्तर टाळलं, कारण खरं सांगितल्याशिवाय मला तुझ्या उशाशी बसता येणार नाही. मी दर रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकते आणि तुला मुलगी होऊ दे म्हणून प्रार्थना करते. या रविवारीही करीन. पण तुझं काही वाईट व्हावं असं माझ्या मनात एकदाही आलेलं नाही, आणि तुला काही झालं तर तो वाडा मला जाळून टाकावासा वाटेल. हे सगळं वाचूनही तुला मीच हवी असेन, तर लगेच गाडी पाठव. माझी ट्रंक भरलेली आहे.

तुझीच मत्सरी बहीण,
सुझॅना