थरच्या वाळूत अक्का आणि मी

रविवार संध्याकाळ, सरस्वतीपुरम

काल थरच्या वाळवंटातली पायी सहल संपवून अक्का आणि मी परतलो. आज शेजारच्या बाईंनी विचारलं, "इतके दिवस चालून पाहिलंत काय? वाळूच ना?" मी नुसती हसले. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. काय सांगायला हवं होतं?

अक्काचं सांगायचं. माझी ही थोरली बहीण पहिल्या दिवसापासून कुरकुरत होती. प्रत्येक टेकडीपाशी एकच, "अय्यो, साकु ग, पुरे झालं, घरी जाऊ." साकु म्हणजे कानडीत पुरे. आणि शेवटच्या दिवशी टाच फुटली ती माझी! बुटात पाय जाईना. आमच्या तुकडीचा म्होरक्या म्हणाला, "तुम्ही जीपमध्ये बसा." मला रडूच आलं. एवढं चालून जीपमधून पोचायचं?

अक्का पुढं झाली. "ती नाही बसणार. मी आणते तिला." तिनं टाच उघडी राहणाऱ्या आपल्या चपला मला घातल्या आणि माझे घट्ट बूट स्वतः चढवले. कसे, देव जाणे! दिवसभर माझा हात धरून चालली. एकदाही साकु म्हणाली नाही.

सूर्य बुडताना आम्ही सगळ्यांत शेवटी पोचलो. त्याआधी शेवटची टेकडी उतरताना दोघी घसरलो आणि वाळूत बसूनच पोट दुखेपर्यंत हसलो. भावोजी गेल्यापासून अक्का अशी हसलीच नव्हती.

आत्ताच लष्कर मोहल्ल्यातल्या तिच्या घरून तिचा फोन आला. "कच्छचं रण केवढं असतं ग? चालत जाता येतं काय?"