आमच्या दुकानात संप होणार नाही

६ ऑक्टोबर, सोमवार
आमच्या सुपरमार्केट कंपनीचा युनियनशी असलेला करार शनिवारी संपतोय. डिस्ट्रिक्ट मॅनेजर क्लेटन साहेबांनी आम्हा सगळ्या असिस्टंट मॅनेजरांना डेन्व्हरला बोलावून विचारलं, कुणाच्या दुकानात काय हवा आहे? बाकीचे बुटांकडे बघत बसले. मी उभा राहून सांगितलं, प्वेब्लोच्या दुकानात संप होणार नाही, आमचं कुटुंब आहे. साहेबांनी माझं नाव दोनदा विचारून घेतलं, मी दोनदा ‘रस’ सांगितलं. मग सहज म्हणाले, तुमच्या स्टोअर मॅनेजरची खुर्ची डिसेंबरात रिकामी होतेय. मी काय समजायचं ते समजलो.
संकल्प: रोज प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलायचं. नावाने हाक मारून.

७ ऑक्टोबर
सुरुवात केली. डेलीत, म्हणजे तयार खाण्याच्या काउंटरवर असणाऱ्या बाईंना रोझ म्हटलं. रोझ गेल्या वर्षीच सोडून गेली म्हणे. पण त्या हसल्या. जवळीक वाढतेय.
मग अर्नेस्टिना. गल्ल्यावर असते, युनियनची दुकानातली पुढारीही तीच. सोळाव्या वर्षी मला पिशवी भरायला हिनेच शिकवलं. विचारलं, तुमचं नक्की दुखणं काय? म्हणाली, माणसं कमी आहेत, रस. आणि कामाचं वेळापत्रक तू आदल्या दिवशी लावतोस, मग पोरं कुणाकडे ठेवायची ते सांग. मी म्हटलं, मदतीला गिऱ्हाइकांनी स्वतःच बिल करायची मशिनं दिलीत की. म्हणाली, त्यांचीही आई मीच. सारखं एक ना एक लाल दिवा लावून रडत असतं.
सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिला हलकं वाटलेलं दिसलं. माणसांना फक्त कुणीतरी ऐकणारं हवं असतं.

९ ऑक्टोबर
मास्टरस्ट्रोक. सगळ्यांना पिझ्झा, कंपनीतर्फे. क्षणात फस्त. एप्रनवर युनियनचे बिल्ले होते, ‘करार नाही तर काम नाही’. मी मनाचा मोठेपणा म्हणून एक मागितला. अर्नेस्टिनाने स्वतः लावून दिला. दुपारी क्लेटन साहेबांचा व्हिडिओ कॉल. बिल्ला काढायचा राहिलेला. कॅमेरा खराब आहे असं सांगितलं.
गुरुवार, म्हणून आई आली होती दूध आणि ब्रेड न्यायला. बाबा जन्मभर पोलाद कारखान्यात, त्यामुळे तिच्या डोक्यात अजून युनियनच. विचारलं, संप झाला तर तू कुठल्या बाजूला? म्हटलं, आई, मी कुठल्याच बाजूला नाही, मी आत असणार. म्हणाली, मग झालं की, सांगितलंस.

११ ऑक्टोबर
सगळ्या दुकानांत मिळून मतदान झालं. संपाच्या बाजूने अठ्ठ्याण्णव टक्के. लोक उगाच घाबरलेत. मी शांतपणे विचार केला. उरलेले दोन टक्के कुठले? साधारण एका दुकानाएवढी माणसं होतात. साहेबांना कळवलं, ते दोन टक्के आमचे. त्यांनी अंगठा पाठवला.

१४ ऑक्टोबर
बोलणी फिसकटली. तयारी असावी म्हणून कोंबड्या भाजायचं मशीन चालवून पाहिलं. आगीचा बंब आला. माणसं फार सभ्य होती. आमचीही युनियन आहे, असं जाताना सांगून गेली.

१६ ऑक्टोबर
बातमी अशी की सगळीकडे एकदम संप नाही, आधी एकच दुकान बंद पाडणार. साहेबांनी विचारलं, कुठलं असेल? म्हटलं, कोलोरॅडो स्प्रिंग्जचं, दुसरं कुठलं? तिथली माणसंच किरकिरी.

१७ ऑक्टोबर
आमचं.
अर्नेस्टिना केबिनमध्ये स्वतः सांगायला आली. एप्रन घडी करून टेबलावर ठेवला. विचारलं, आम्हीच का? म्हणाली, इथे एकही विरोधात नाही. म्हटलं, एकही? म्हणाली, दोघं-तिघं डळमळत होते. तू पिझ्झ्यावर आमची बोळवण करायला निघालास, तेव्हा तेही आले.
अन्न कृतघ्न लोकांना देऊ नये.

१८ ऑक्टोबर
संप. आत मी, बाहेरगावचे दोन मॅनेजर आणि लाल दिवे लावून बसलेली मशिनं. दुधाचा ट्रक रस्त्यावरच थांबला. ड्रायव्हर म्हणाला, आमची युनियन वेगळी, पण संपकऱ्यांची ओळ आम्ही ओलांडत नाही. किल्ली माझ्या हातात देऊन फुटपाथवर बसला. ट्रक मी आत आणला. ट्रॉल्यांची शेड आता नाही.
गिऱ्हाईकं येतात, फलक बघतात, हॉर्न वाजवतात आणि वळून जातात. या गावात ज्याचा त्याचा बाप कारखान्यात होता. दिवसभरात एकच माणूस आत आला, सिगारेटसाठी. कॅन्ससचा होता.

२० ऑक्टोबर
बाहेर गर्दी वाढलेली. नीट पाहिलं तर मधोमध खुर्ची टाकून आई. मांडीवर पोतित्सा. ही अक्रोडाची गुंडाळी ती फक्त नाताळात करते, तीही मोजून घरच्यांना. इथे सुरी घेऊन अख्ख्या ओळीला कापून देत होती.
बाहेर गेलो. म्हणाली, सरक, ऊन अडवतोयस. म्हटलं, मलाही एक तुकडा दे. तिने अर्नेस्टिनाकडे बघून विचारलं, याला द्यायचा का गं? अर्नेस्टिना म्हणाली, द्या, पोरगंच आहे. मला कडेचा, अक्रोड नसलेला तुकडा मिळाला.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हे पान पुन्हा वाचणार नाही.

२२ ऑक्टोबर
मिटलं! कंपनीने जादा माणसं कबूल केली, वेळापत्रक दोन आठवडे आधी लावायचंही कबूल केलं. सगळे परत आले. मी दारात उभा राहून प्रत्येकाशी हात मिळवला. साहेबांना लिहिलं की योग्य हाताळणीमुळे संप लवकर आटोपला. उत्तर आलं, शुक्रवारी स्वतः भेटायला येतो.
खुर्ची. दुसरं काय असणार? शर्टाला इस्त्री केली.

२४ ऑक्टोबर
साहेब आले. खुर्चीत बसले नाहीत, मलाही बसू दिलं नाही. जादा माणसांचा खर्च कुठूनतरी काढायला हवा, म्हणून लहान दुकानातली असिस्टंट मॅनेजरची जागाच रद्द. हवं असेल तर खाली कामगार म्हणून राहता येईल, म्हणाले. जाताना मला ‘रॉस’ म्हणाले.

२७ ऑक्टोबर, सोमवार
युनियनच्या कार्डावर सही केली. अर्नेस्टिनाने समजावलं, सिनिऑरिटी आजपासून. मॅनेजर होताना युनियन सोडलीस, तेव्हा मागची सगळी वर्षं गेली. म्हणजे कालच लागलेल्या पोरीच्याही खाली मी. सगळ्यांनी निवडून उरलेल्या पाळ्या मला. सध्या पार्किंगमधून ट्रॉल्या गोळा करणे.
आईला कसं सांगावं कळेना. मॅनेजर झालो होतो, तेव्हा नुसतं बरं म्हणून फोन ठेवला होता तिने. शेवटी धीर करून आज सांगून टाकलं. तर ती रडायलाच लागली. घाबरून विचारलं, आई, काय झालं? काही नाही रे, म्हणाली, तुझे बाबा हवे होते आज. मग शेजारणीला मोठ्याने हाक मारून सांगितलेलं मला फोनवर स्पष्ट ऐकू आलं, की अगं, आमचा रस एकदाचा कामाला लागला.