झेंड्याचा खांब फाटकाशी

चाकण, ३० जानेवारी २०२५

ती. विमलआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या मेसेजमध्ये मी लिहिलं होतं, की सव्वीस जानेवारीच्या सामन्याआधी राष्ट्रगीत लागलं तेव्हा साक्षी आणि आमच्या कबड्डी संघातल्या तिघींनी झेंड्याकडे पाठ केली. ते चूक आहे. त्या प्रसंगाचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय, त्याखाली सगळे तसंच लिहितात, माझ्याही हातून तेच उतरलं. काल मैदानात जाऊन पाहिलं. झेंड्याचा खांब फाटकाशी आहे, मंच त्याच्या बरोबर समोर, दुसऱ्या टोकाला. आम्ही मधे, मंचाकडे तोंड करून उभ्या होतो. चौघी वळल्या त्या मंचावर बसलेल्या कबड्डी संघटनेच्या सचिवाला पाठ दाखवायला. साक्षीचा हात धरणारा तोच, आणि तिची तक्रार दाबली गेली तीही त्याच्यासाठीच. वळून त्या सावधान उभ्या राहिल्या आणि राष्ट्रगीत पूर्ण म्हणाल्या.

पण आमच्या भागाचे पुढारी नानासाहेब म्हणतात, गुन्हा दाखल झालाच पाहिजे. साक्षीचं कुटुंब लातूरचं, आमच्याच चाळीत भाड्यानं राहतं. परवा त्यांच्या दारावर कुणी 'देशद्रोही' लिहून गेलं. दादांनी घरमालक म्हणून त्यांना खोली सोडायला सांगितली आणि माझा फोन काढून घेतला, म्हणून हे पत्र. जेवण जात नाही. दार वाजलं तरी दचकते. तुझा गुडघा कसा आहे?

तुझी,
प्राजक्ता

राजगुरुनगर, ३ फेब्रुवारी

चि. प्राजक्तास, पोटभर आशीर्वाद.

गुडघा हाय तिथंच हाय, तुमच्या खांबावानी. तुझा बाप वाईट न्हाई गं, भित्रा हाय. लहानपणी कोंबडा आडवा आला तरी माझ्या मागं लपायचा. आता पुढारी आडवा आलाय, एवढाच फरक.

तुला पाटीवर अक्षर आन अंगणात कबड्डी मीच शिकवली. पाय रेघेवर पडला का, हे खोटं सांगायचं न्हाई, हेच पयलं शिकवलं. पण पोरी, ही माणसं वंगाळ. मला रात्रीचा डोळा लागत न्हाई. गप राहा, असंच वाटतंय.

एक सांग. चौघी वळल्या म्हणतेस. संघात तर सात जणी. तुझं तोंड कुठं होतं?

जेवत जा. माया हाय, ती धरून ठेव.

आत्या

चाकण, ६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

माझं तोंड मंचाकडे होतं. साक्षीनं आदल्या दिवशी विचारलं तेव्हा मी हो म्हणाले होते, पण ऐनवेळी पाय हललेच नाहीत. म्हणजे झेंड्याकडे पाठ होती ती माझी. आणि मी वळले नाही म्हणून नानासाहेब त्याच मैदानात माझा सत्कार करणार आहेत, 'देशाभिमानी कन्या' म्हणून! झेंडा पुन्हा त्याच खांबावर चढणार, मंचावर सचिवही असणार. आधी शाल, मग माझे दोन शब्द, मग राष्ट्रगीत. दादांनी साडीसुद्धा आणली.

साक्षीला कळलं तेव्हा ती हसली. म्हणाली, शाल मिळाली की मला दे, गावाकडं थंडी लई असते. मग भांडी पोत्यात भरत बसली.

आत्या, मी फार घाबरलेय, अक्षरावरून दिसेलच. गप राहा म्हणालीस ते काळजीनं, हे कळतं. पण रेघेचंही तूच शिकवलंस. माइक हातात आला की आधी माझी पाठ कुठं होती ते सांगणार. मग खांबाकडे बोट दाखवून सगळ्या मैदानाला झेंड्याकडे तोंड करायला सांगणार.

तुझा लोभ आहेच. तो त्या दिवसानंतरही तेवढाच राहू दे. सत्कार येत्या रविवारी, नऊ फेब्रुवारीला आहे.

प्राजक्ता