दशकाची खुर्ची

सोमवार, १ सप्टेंबर. सकाळी

नातीला गणितात वीसपैकी चार. तीनशे पाच असं लिहायला सांगितलं तर पोरीने ३००५ लिहिलं. आधी तीनशे, मग पाच. तिच्या बाजूने बघितलं तर चूक कुठे आहे?

सून म्हणाली, आई, आता क्लास लावते. तिसरीतच ही गत. क्लास दुपारी दोन ते पाच. म्हणजे शाळेतून परस्पर तिकडे, आणि तिथून सून तिला समोरच्या बिल्डिंगमध्ये आपल्या घरी नेणार. माझ्याकडे येणं बंद.

मला काय, माझीच दुपार मोकळी होईल. लायब्ररीची तीन पुस्तकं पडून आहेत. तरी म्हटलं, पुढच्या चाचणीपर्यंत मला दे. सुनेने मुलाकडे बघितलं. मुलाने मोबाइलकडे बघितलं. मंजूर.

मंगळवार, २ सप्टेंबर

शाळेतल्या बाईंकडून शिक्षकांचं पुस्तक मागून आणलं. रात्रीपर्यंत अर्धं वाचून झालं. मी शाळेत चौथीपर्यंत गेले, पुढचं सगळं वाचून वाचून. त्यामुळे पुस्तकात कुठे उगाच लांबण लावली आहे ते मला लगेच कळतं. काड्यांचे गठ्ठे करा, रबर लावा, गठ्ठे सोडवा. घरभर काड्या कोण वेचणार?

मला याहून सोपं सुचलं आहे. उद्या.

बुधवार, ३ सप्टेंबर

हॉलमध्ये भिंतीला लागून तीन खुर्च्या आहेत. वेताची, ह्यांची आणि फोल्डिंगची. शतक, दशक, एकक. आयतं. हे पुस्तक लिहिणाऱ्याला सुचू नये याचं आश्चर्य वाटतं.

मुलींना समजावलं. माणूस तोच, पण खुर्ची बदलली की मान बदलतो. पाच नंबरची चिठ्ठी घेऊन फोल्डिंगवर बसलं तर नुसते पाच. तीच चिठ्ठी घेऊन वेताच्या खुर्चीवर बसलं तर पाचशे. म्हणजे स्थानिक किंमत.

विद्यार्थिनी तीन. नात, आणि तिच्याच वर्गातल्या, खालच्या इलेक्ट्रिशियनच्या जुळ्या. जुळ्यांमधली मोठी काही मिनिटांनीच मोठी आहे, पण रुबाब मोठ्या जावेचा. त्यांच्या आईने मोफत म्हटल्यावर लगेच पाठवल्या.

तीनशे पाच: मोठी वेताच्या खुर्चीवर, धाकटी फोल्डिंगवर, मध्ये शून्य. पहिल्या फटक्यात बरोबर. सातशे दोन बरोबर. चारशे नऊ बरोबर. ३००५ संपलं, कारण चौथी खुर्चीच नाही. एका दुपारीत. सुनेला सांगितलं नाही, चाचणीनंतरच कळू दे.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

नात म्हणाली, आजी, मधे कुणी का बसत नाही? म्हटलं, मधे शून्य आहे, शून्यच तर तुम्हाला जड जातं, म्हणून त्याचाच सराव. ती म्हणाली, पण मी रिकामीच उभी राहते. म्हटलं, तू संख्या वाचायचीस. वाचणारीचं काम सगळ्यात मोठं.

हे खरं आहे. उगाच म्हटलेलं नाही.

सोमवार, ८ सप्टेंबर

आज गंमत झाली. धाकटी मधल्या खुर्चीवर चढायला लागली. मी फक्त अगं म्हटलं, तशी ती उतरली. खुर्चीवरचा टॉवेल सरळ केला. रोज सकाळी झटकते, तरी धूळ येतेच.

नात म्हणाली, तिथे आजोबा बसतात. मोठी म्हणाली, पण ते तर वारले ना. नात म्हणाली, म्हणून तर शून्य. मग तिने मला विचारलं, आजी, आजोबा शून्य आहेत का?

म्हटलं, गप, सातचा पाढा म्हण.

तिने सहाचा म्हटला. मी तोच ऐकून घेतला.

बुधवार, १० सप्टेंबर

आज लहान-मोठी संख्या. चिन्हाचं तोंड मोठ्या संख्येकडे उघडतं. मोठी म्हणाली, म्हणजे माझ्याकडे. धाकटीने तिला चिमटा काढला. वर्ग थोडा वेळ बंद.

मग नियम दिला. दोन संख्या शेजारी ठेवायच्या. आधी पहिली खुर्ची बघायची. तिथे सारखं असेल तर सरळ शेवटची. मधलीकडे बघायचंच नाही, दोन्हीकडे शून्य. तीनशे पाच आणि तीनशे नऊ: नऊ मोठे, म्हणून तीनशे नऊ मोठी. तिघींनी एका आवाजात सांगितलं. पुस्तकात हाच नियम तीन पानांत आहे. मी दोन खुर्च्यांत बसवला.

शनिवार, १३ सप्टेंबर

जुळ्यांची आई वर आली. म्हणाली, आजी, आमच्याकडे एक स्टूल पडून आहे, देऊ का? पोरी म्हणतात खुर्ची कमी पडते. म्हटलं, खुर्च्या तीन आहेत, शतक, दशक, एकक, कमी कुठे? ती म्हणाली, पण बसायला दोनच ना. बाई चांगली आहे, पण गणितातलं तिला काही कळत नाही.

स्टूल नको म्हटलं. तीन खुर्च्यांमध्ये चौथं स्टूल दिसायलाही बरं दिसत नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

चाचणी झाली. नात म्हणाली, सोपी होती. जुळ्या म्हणाल्या, सोपी होती. तिघींची उत्तरं एकमेकींशी ताडून बघितली, अगदी एकसारखी. मी स्वतःसाठी चहा केला आणि दुसरा कपही घेतला. सुनेला काय सांगायचं ते मनात तयार आहे. फार बोलायचं नाही. एवढंच म्हणायचं, बघ.

सोमवार, २२ सप्टेंबर. संध्याकाळी

बाईंनी बोलावलं होतं. एका वर्गात पोरं मावत नाहीत, बिचारीचा घसा बसलेला. तीन पेपर टेबलावर शेजारी मांडले. म्हणाल्या, आजी, तुमच्याकडे नक्की काय चालतं?

प्रश्न होता, २७१ मध्ये ७ ची स्थानिक किंमत किती. तिघींनी शून्य लिहिलं होतं. दुसरा प्रश्न, २७१ आणि २१९ यांतली मोठी कोणती. तिघींनी २१९. तिसरा, तुमचं उत्तर कारणासह लिहा. जुळ्यांनी काही लिहिलं नव्हतं. नातीने लिहिलं होतं, मधे बसायचं नाही.

बाई म्हणाल्या, दोन-दोन अंकांचं तर येतं ह्यांना, मग तीन अंक आले की मधला कुठे जातो? मी म्हटलं, तिघींची उत्तरं एकसारखी आली, म्हणजे शिकवलेलं पोचतं, एवढं तर मान्य कराल. त्यांनी तिन्ही पेपर एकावर एक ठेवले. मग म्हणाल्या, पोचतं हो.

शुक्रवारी पुन्हा घेते म्हणाल्या, त्या तिघींपुरती. चांगल्या आहेत.

पेपर सुनेने बघितला. बघ म्हणायची वेळ आली नाही. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने ते कारणाचं वाक्य दोनदा वाचलं आणि पेपर घडी करून पर्समध्ये ठेवला. म्हणाली, शुक्रवारपर्यंत बघू, आई.

मंगळवार, २३ सप्टेंबर. सकाळी

चूक माझी नाही, सरावाची आहे. मधल्या घरातही अंक द्यायला हवा, एवढंच. आज नातीला मधल्या खुर्चीवर बसवणार. त्यात काय आहे? लाकडाची आणि रेक्झिनची वस्तू. ठरलं.

संध्याकाळी

आज बसवलं नाही. तिचे मोजे मळलेले होते.

बुधवार, २४ सप्टेंबर

टॉवेल धुवायला टाकला. तो वाळेपर्यंत खुर्ची उघडी, रेक्झिन घामाने खराब होतं. म्हणून आज दप्तरावर सात लिहून दप्तर खुर्चीत ठेवलं. शतकात मोठी, दशकात दप्तर, एककात धाकटी. नात उभी. ती म्हणाली, आजी, दप्तर चालतं आणि मी चालत नाही?

म्हटलं, तू वाचायचीस ना.

तिने वाचलं, दोनशे दप्तर एक. जुळ्या हसून हसून खुर्च्यांवरून घसरल्या. दप्तरही घसरलं. मी ते उचलून खाली ठेवलं. टॉवेल अजून ओला होता, तरी पांघरला.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आज नक्की असं ठरवून उठले. दोन वाजले तरी मुली आल्या नाहीत. खिडकीतून बघितलं तर तिघी आमच्याच बाहेरच्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या. वरची शतक, मधली दशक, खालची एकक. मोठी वर, नात मध्ये, धाकटी खाली, आणि मग जागा बदलून पुन्हा. दोनशे एकाहत्तर, असं मोठी ओरडली. नात मधल्या पायरीवर उभी राहून म्हणाली, सत्तर मी. सत्तर मी, सत्तर मी, असं कितीतरी वेळा. उड्या मारत होती.

पायऱ्यांवर धूळ असते. फ्रॉकची मागची बाजू काळी झाली असणार. हाक मारणार होते, मग म्हटलं, खेळू दे. उद्या परीक्षा आहे, मन हलकं राहील. उजळणी उद्या सकाळी घेता आली असती, पण सकाळी शाळा असते.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

तिघींना वीसपैकी अठरा. दोन मार्क खाडाखोडीचे गेले. बाईंनी मला शाळेच्या फाटकाशी थांबवून सांगितलं, आजी, तुम्ही मनावर घेतलंत, छान. मी म्हटलं, पद्धत मुळात बरोबरच होती.

शनिवार, २७ सप्टेंबर. दुपारी

सून स्वतः आली, पेढे वगैरे नाही, नुसतीच. म्हणाली, आई, आता क्लासची गरज नाही. तुम्ही म्हणाल तसं. दुपारी येऊ दे हिला तुमच्याकडे.

मी म्हटलं, मला काही अडचण नाही, मी काय घरीच असते. आवाज अगदी साधा ठेवला. लायब्ररीची पुस्तकं राहतील, पण राहू देत.

मग सून नातीकडे वळून म्हणाली, सांग, दुपारी आजीकडे की क्लासला? उगाच विचारलं. काही गोष्टी मुलांना विचारायच्या नसतात.

नात म्हणाली, क्लासला. जुळ्या क्लासलाच जाणार आहेत, त्यांच्या आईने नाव घातलं. सून म्हणाली, एवढंच कारण? नात माझ्याकडे न बघता म्हणाली, तिथे सगळ्या खुर्च्यांवर बसता येतं.

सून काही बोलायला लागली. मी म्हटलं, जाऊ दे, मुलांनी मुलांत राहावं, मी आधीपासून हेच म्हणत होते. सुनेने माझ्या हातावर हात ठेवला. मी चहा टाकायला उठले.

सोमवार, २९ सप्टेंबर. दुपारी

दोन वाजून गेले. घर शांत आहे. वाचनाला हवी तशी शांतता, आता खरी सुरुवात.

वेताच्या खुर्चीवर उजेड येत नाही. फोल्डिंगची वाजते. खिडकीचा उजेड नेमका मधल्या खुर्चीवर पडतो, म्हणून वाचायला ती बरी. टॉवेल काढून घडी केला. बसले.

उजवीकडे स्प्रिंग वर आलेली आहे, चांगलीच टोचते. डावीकडे सरकले तर तिथे दुसरी. अगदी पुढच्या कडेवर बसलं तर जमतं, पण मग बसलोय की उठायच्या बेतात आहोत ते कळत नाही. हे रोज संध्याकाळी इथे पेपर वाचायचे, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. मी स्वयंपाकघरातून विचारायचे, बरं बसलात ना? म्हणायचे, हो.

दीड पान वाचलं आणि उठले.