शेवटच्या साखळीला काठी नाही

ओल्शीन,
९ नोव्हेंबर

प्रिय विटोल्डदादा,

काम करता करता बापाचा हात थांबला आणि तो का थांबला हे आपल्याला कळलं, तर मुलीने काय करायचं असतं? ग्दान्स्कला पाच वर्षं पाण्याचं इंजिनिअरिंग शिकले, त्यात हा धडा नव्हता. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आधी खुशाली. बाबांचा खोकला गेला. आईच्या थडग्यावर पांढरी शेवंती ठेवली, तुझ्या वतीनेही दिवा लावला. मांजरीला पुन्हा पिल्लं झाली. बाबा म्हणतात, "या घरात एकटी हीच सुट्टी घेत नाही." नॉर्वेत मासे कापून तुझे हात फाटले असतील. रात्री चरबी चोळून झोपत जा.

तळ्यावरच्या बोट क्लबचा हंगाम संपला. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी दरवर्षीसारखे सगळे जमले. बोटी वर ओढल्या, शिडं वाळवून गुंडाळली, चुलीवर कोबी-मांसाच्या बिगोसचं पातेलं चढलं. बोटी बांधायच्या तरंगत्या बोयांचं काम बाबांकडे, आणि तुझ्या जागी यंदा होडीत मी. बाबांनी सगळ्यांना ऐकवलं, "यंदा माझ्याकडे पदवीधर वल्हेकरी आहे. जपून बोला!"

मेल्खियोरकाका काठावरून ओरडले, "मग पाणी किती ओलं आहे तेवढं मोजून घे रे तिच्याकडून!"

हे काम तुला माझ्याहून जास्त माहीत. बोया सोडवायचा, नाहीतर बर्फ त्याला धरतो आणि तळाचा काँक्रीटचा ठोकळासुद्धा ओढून नेतो. त्याच्या जागी साखळीच्या टोकाला पाइनची लांब काठी बांधायची. ती हिवाळाभर बर्फातून डोकं वर काढून उभी राहते आणि वसंतात साखळी सापडते. मी वल्हवत होते, बाबा बांधत होते. प्रत्येक गाठीनंतर काठीला थाप मारत होते, घोड्याच्या मानेवर मारावी तशी. इतके खुशीत मी त्यांना तू गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

लव्हाळ्याच्या बेटापलीकडे शेवटच्या बोयाशी आलो. बाबांनी बोया सोडवला. एका हातात साखळी, दुसऱ्या हातात काठी, आणि ते थांबले. मग काठी होडीत ठेवली आणि साखळी तशीच सोडून दिली. ती खडखडत तळाला गेली.

"बाबा, वसंतात ही सापडायची कशी?"

"सापडेल."

"पण काठी..."

"इथे लागत नाही. वल्हव."

काठावरून मेल्खियोरकाका बघत असावेत. "लेऑन, एक विसरलास की रे! म्हातारा झालास!" असल्या एका टोमण्याला बाबा एरवी तीन परत देतात. त्या दिवशी नुसतं म्हणाले, "हो, झालो."

ती जागा कोणती हे तुला सांगायला नको. असं लिहून मी पुढे सरकणार होते, पण नाही, लिहितेच. ती हिलारीकाकांची जागा. शेजारचे हिलारीकाका, ज्यांनी तुला सायकल शिकवली. दर हिवाळ्यात त्या काठीला आपली घसरगाडी टेकवून, बर्फाला भोक पाडून ते मासे धरत बसायचे. फेब्रुवारीत तिथेच बर्फ फुटला. बाबांनी आणि तू त्यांना बाहेर काढलंत. मी तेव्हा परीक्षेसाठी ग्दान्स्कला होते. गावाला जे कळलं तेच मलाही कळलं: हिलारी प्यायलेला होता, तोल गेला. बाबांनीच सांगितलं की तोंडाला वास येत होता. बाबांचा शब्द म्हटल्यावर पुढे कोणी विचारलंच नाही. मार्चमध्ये तू नॉर्वेला गेलास. मला वाटलं, नोकरीसाठी.

त्यांची बायको सेव्हेरीनामावशी मात्र सांगत राहिली की नातू झाल्यापासून तिच्या नवऱ्याने थेंबही घेतला नव्हता. लोक माना हलवायचे, विधवेचं ऐकून घ्यावं तशा.

मग सर्व संतांचा दिवस आला, थडग्यांवर दिवे लावायचा. दफनभूमीत शेवंतीचा आणि मेणाचा वास, वाटेत पाय ठेवायला जागा नाही. आमच्या मागून चाललेला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "हिलारीच्या थडग्यापासून दिवा लांब धर रे, भडका उडेल." दोघं हसले. मावशी तिथेच वाकून दिव्याची काच पुसत होती. तिने ऐकलं आणि पुसत राहिली. मी बाबांकडे पाहिलं. टोपी हातात घेऊन ते मातीकडे बघत होते.

खरं तर मला होडीतच कळलं होतं. दफनभूमीत ते नाकारता येईना. लाकूड उन्हाने तापतं. फेब्रुवारीत ऊन चढलं की काठीभोवतीचा बर्फ आतून कुजतो, आणि वर ताजं हिम पडलेलं असलं तर दिसतही नाही.

घरी आल्यावर, कोट काढायच्या आधीच, मी विचारलं. ते उसळले.

"तुला शिकवलं ते माझ्याच गळ्यात ठोकळा बांधायला?"

"बाबा, काका प्यायले होते का?"

ते बसले. टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा करत राहिले. "थर्मासमध्ये चहा होता," म्हणाले. "लिंबू पिळलेला. बर्फ फुटला त्या भोकातच काठी तिरकी उभी होती. मी ती विटोल्डला उपटायला लावली. तेवढ्यात माणसं धावत आली, आणि प्यायला होता असं माझ्या तोंडून गेलं. एकदा गेलं, मग ते गावाचंच झालं."

"मग यंदा बाकीच्या काठ्या का बांधल्यात?"

"सगळ्याच सोडल्या असत्या, तर का सोडल्या म्हणून विचारलं असतं."

दादा, जन्मात पहिल्यांदा मला बाबांची भीती वाटली. काठीचा दोष मी त्यांना देत नाही. आजोबा तशाच बांधायचे, आपल्याकडे सगळेच बांधतात. पण माणूस गेल्यावर त्याचं नावही त्याच भोकात ढकलायचं, वर पुढच्या माणसासाठी काठ्या उभ्या करायच्या, आणि का, तर कोणी विचारू नये म्हणून!

मी म्हटलं, उद्या मी मावशीकडे जाणार आहे, तुम्ही आलात तर बरं होईल. ते म्हणाले, "या गावात लेऑन म्हटलं की माणसं आपली बोट डोळे मिटून सोपवतात. उद्यापासून मी कोण असेन, बोगना?" मी त्यांच्या वाडग्यात सूप वाढलं. ते तसंच गार झालं.

सकाळी मी एकटीच गेले. मावशी बटाटे सोलत होती. मी काहीही मागेपुढे न ठेवता सगळं सांगितलं. सुरी हातातच ठेवून तिने ऐकलं.

"चहाच होता ना? लिंबाचा?"

"हो मावशी."

"मीच भरून दिला होता." मग ती म्हणाली, "मलासुद्धा वाटायला लागलं होतं गं, की बाहेर कुठेतरी चोरून घेत असेल. तुझ्या बापाच्या शब्दावर मी मेलेल्या नवऱ्यावर संशय घेतला." आणि ती जी रडायला लागली, तिला हात लावायचा धीर मला झाला नाही. मला खरं बोलून हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही.

तिथून मी क्लबच्या अध्यक्षांकडे गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्या काठ्या काढल्या. आता साखळ्या तळाशी आहेत, आणि तळावरूनच काठापर्यंत दोर ओढून झाडांना बांधले आहेत. वल्ही बाबांनी मारली. येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. काठावर अध्यक्षांनी त्यांच्याकडून बोटघराच्या चाव्या मागितल्या. हळू आवाजात मागितल्या, पण मागितल्या. मेल्खियोरकाकांना त्या दिवशी एकही विनोद सुचला नाही. बाबा आता माझ्याशी जेवताना बोलतात, मिठापुरतं.

तुझ्यावर मी रागावले आहे का, ते मला ठरवता येत नाही. तू काठी उपटलीस, कारण बाबांनी सांगितलं. तू गप्प राहिलास, कारण ते बाबा होते. मी तिथे असते तर काय केलं असतं? तुझ्यापेक्षा वेगळं केलं असतं, असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

पण काल मावशी आपल्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"बाहेर काढलं तेव्हा विटोल्ड तिथे होता ना?"

"होता."

"मग हिलारीत धुगधुगी होती का, काही बोलला का, हे त्यालाच माहीत असेल. तुझ्या बापाच्या तोंडून मला आता काहीच ऐकायचं नाही."

तुला विचारून सांगते, असं मी म्हणू शकले असते. जिभेवर आलंही होतं. पण आपल्या घराने तिला एकदा थांबवून ठेवलं, तेवढं पुरे. मी कागद घेतला, तुझा पत्ता लिहिला आणि तिच्या हातात दिला. तिचं पत्र आज सकाळीच टपालात पडलं आहे.

तुझीच,
बोगना